हत्तीपायी कापलेला पगार

प्रिय भाऊजींना,

वहिनीचा नमस्कार. (नात्याने मी मोठी, तेव्हा खरं म्हणजे आशीर्वादच लिहायचा, पण आशीर्वाद द्यायला समोर डोकं लागतं, आणि तुमचं डोकं आमच्या गल्लीत दिसल्याला आता काही वर्षं झाली. तूर्त नमस्कारावर भागवून घ्या.) आम्ही दोघं बरे आहोत. तुमचा खोकला गेला का? नव्या जागी पाणी मानवलं का? खाणावळवाला पोटभर वाढतो की हात आखडून? तुमच्या दादांचा गुडघा पूर्वीइतकाच कुरकुरतो, म्हणजे ठीक आहे. घराचं छप्पर अजून थेंबभर पाणीसुद्धा आत येऊ देत नाही, कारण त्यावरच्या ताडपत्रीचा सांधा ह्यांनी स्वतः लावलेला आहे. (सांध्याचा विषय निघाला म्हणून लगेच पत्र चुरगळू नका. पुढे वाचा.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे पत्र पैसे मागायला लिहिलेलं नाही. पाकिटावर माझं अक्षर बघून ते उघडायला दोन दिवस लावले असतील तर ते फुकट गेले. तुमच्या हत्तीचं कर्ज फिटलं. मुद्दल, व्याज, कोर्टाचा खर्च, सगळं. जप्ती उठल्याचा कागद गेल्या आठवड्यात आला आणि मी तो फाइलला लावला. आता ते कसं फिटलं हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, आणि तुमचे दादा काही सांगायचे नाहीत. त्यांना विचारलंत तर 'फिटलं' एवढं म्हणतील आणि चपला शोधायला लागतील. म्हणून मी सांगते, आणि सविस्तर सांगते. सांगताना माझी मान थोडी ताठ झालेली दिसली तर तेवढं चालवून घ्या, कारण आमच्या घराण्यात असा अभिमानाचा प्रसंग रोज येत नाही.

मुळापासून सांगायचं तर हत्तीपासून सांगावं लागेल. तुम्हाला ते ठाऊक आहे, तुमचाच हत्ती. पण त्या दिवसाची एक हकीकत तुमच्याकडे आहे आणि एक आमच्याकडे, आणि आमची तुम्ही कधी ऐकून घेतली नाहीत. पेढीकडून कर्ज काढून तुम्ही तो फुगवायचा हत्ती आणलात, मुलांनी आत शिरून उड्या मारायचा, खाली पंखा लावून हवा भरायचा. निळा रंग, पिवळे कान, आणि चेहऱ्यावर बँकेच्या मॅनेजरसारखं हसू. पहिल्याच रविवारी तुम्ही तो बागेच्या कुंपणाला खेटून उभा केलात. आधी सोंड खाली आली. लोकांना वाटलं, हा खेळाचाच भाग आहे, टाळ्यासुद्धा वाजल्या. मग हत्तीने गुडघे टेकले, मग कान पाडले, आणि मग तो अगदी सावकाश, कुणालाही न दुखवता, पोरांच्या अंगावर निजला. आतून खिदळणं ऐकू येत होतं, बाहेर आया किंचाळत होत्या. सगळी पोरं एकेक करून ओढून काढली आणि तिकिटाचे पैसे परत देऊन तुम्ही घामाघूम होऊन उभे राहिलात, तेव्हा तुमचे दादा हत्तीच्या पोटावरून हात फिरवून म्हणाले, "सांधा सुटलाय. घेताना सांधा बघायचा रे."

झालं. माणूस आयुष्यभर ताडपत्रीच्या कारखान्यात सांधे लावतो, तो दुसरं काय बोलणार? डॉक्टर जीभ बघतो, हे सांधा बघतात. त्यात टोमणा नव्हता. पण तुम्ही चारचौघांत म्हणालात, "दादा, तुम्हाला जगात सांध्याशिवाय काही दिसतच नाही," आणि हत्तीची घडी करून जे गेलात ते गेलातच. दुरुस्त करून देतो म्हणून ह्यांनी निरोप पाठवला, त्याला उत्तर नाही. पुढे गाव बदललंत, कामं बदललीत, हप्ते थांबले. हत्ती अंथरूण म्हणून वापरता असं मधे कुणाकडून तरी कळलं. (तसं असेल तर कानाच्या बाजूला डोकं करत जा, तिथे कापड दुहेरी असतं.)

आता जामिनाचं. तुमच्या कर्जाला तुमचे दादा जामीन राहिले तेव्हा मी शेजारीच उभी होते. पेढीतला माणूस म्हणाला, "इथे फक्त सही करा, नुसता रिवाज आहे." हे म्हणाले, "रिवाज आधी वाचतो." आणि मागे रांग असताना ह्यांनी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचला, उलटून मागची बाजूही वाचली, आणि मग सही केली. तेव्हा हे लक्षात ठेवा, की तुमचे दादा फसून जामीन राहिले नाहीत. धाकट्याने नाही भरले तर आपल्याला भरावे लागतील, हे वाचून, समजून, घसा खाकरून त्यांनी सही केली. ती सही बघून मला जे वाटलं ते मी तेव्हा बोलले नाही. आज लिहून टाकते, मला फार बरं वाटलं.

हप्ते थकल्यावर पेढी कोर्टात गेली आणि कोर्टाने निकाल दिला की पैसे द्या, तुम्ही द्या नाहीतर जामीनदार देईल. तरी आधी तुमचाच माल जप्त करायचा म्हणून कोर्टाचा बेलिफ तुमच्या तेव्हाच्या खोलीवर गेला होता म्हणे. हत्ती फुगेना, तेव्हा त्याने त्याची नोंद 'निळं कापड, जुनं, मोठं' अशी केली आणि त्याची किंमत स्वतःच्या बसभाड्यापेक्षा कमी भरल्याने तो तिथेच सोडून आला. मग तुमचा पगार धरायचा ठरलं, तर तुमचा पगार एका जागी सापडेना. आज गोदामात, उद्या पेट्रोलपंपावर. हुकूम काढायचा तर तो कुठल्या मालकाला पाठवायचा? आणि इकडे तुमच्या दादांचा पगार, लग्नाआधीपासून एकाच कारखान्यात, एकाच तारखेला, एकाच खिडकीतून. पळणाऱ्याच्या मागे धावण्यापेक्षा बसलेल्याला धरणं सोपं. घरचं झालं थोडं आणि दिराने धाडला हत्ती, दुसरं काय.

आणि त्या खिडकीच्या आत कोण बसतं, ते तुम्हाला माहीत आहेच.

कारखान्यात मला 'कात्री' म्हणतात, हेही तुमच्या कानावर असेल. लोकांना वाटतं मला त्याचा राग येतो. मुळीच नाही. पगारातून उचल कापायची, दंड कापायचा, कोर्टाचा हुकूम आला तर तोही कापायचा, आणि दमडीचा फरक पडू द्यायचा नाही, हे काम मी करते आणि चोख करते. कोर्टाचे हुकूम आमच्याकडे अधूनमधून येत असतात. एका शिलाईवाल्याचा आला होता, एका ड्रायव्हरचा, रंगखात्यातल्या दोघांचा. कुणाचा पगार जप्त झाला की इतर कामगार त्याच्याकडे चोर असल्यासारखे बघतात, तेव्हा मीच खिडकीतून डोकं काढून सांगते की बाबांनो, याने चोरी केलेली नाही, देणं आहे ते दिलं जातंय, उलट तुमच्यापेक्षा याचं जास्त सरळ चाललंय. असा माझा अनुभव. पण ह्यांच्या नावाचा हुकूम टपालात आला तेव्हा मीसुद्धा चहा थंड होऊ दिला.

मालकांचं तर विचारू नका. हुकुमात साफ लिहिलेलं असतं की कापायची रक्कम कापून दरमहा कोर्टात भरा, कुचराई केलीत तर ती तुमच्याकडून वसूल केली जाईल. मालक भित्रे, पण जीव लावणारे. त्यांनी दार लोटून आम्हा दोघांना समोर बसवलं आणि ह्यांना (कारखान्यात सगळे ह्यांना मास्तरच म्हणतात) हळूच म्हणाले, "मास्तर, कागदोपत्री पगार थोडा कमी दाखवू. ओव्हरटाइम मी वेगळा, हातावर देत जाईन. कोर्टाला काय कळतंय?" मी ह्यांच्याकडे बघितलं. (खरं सांगते, बायको म्हणून मला तो विचार अगदीच वाईट वाटला नाही. कात्री म्हणून संताप आला.) हे म्हणाले, "साहेब, इतकी वर्षं मी सांधा लावतो, आतून कच्चा आणि बाहेरून गुळगुळीत असा एकही लावला नाही. पगार आहे तेवढाच दाखवा. ओव्हरटाइमसकट." मालकांनी कपाळाचा घाम पुसला आणि तेव्हापासून दर पगाराला माझ्या टेबलापाशी येऊन ते एकच प्रश्न विचारायचे, "कापले ना?"

हुकुमाची प्रत कामगाराला द्यावी लागते, आणि त्याची पोच घ्यावी लागते. आता ती मी घरी, जेवताना, ताटाशेजारी ठेवू शकले असते. पण आमचा लग्नापासून एक नियम आहे, ऑफिसचं घरी आणायचं नाही आणि घरचं ऑफिसात न्यायचं नाही. एकाच कारखान्यात दोघं असलं की असा नियम लागतोच, नाहीतर भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून माणसाची रजा नामंजूर व्हायची. तेव्हा मी शिपायाकरवी रीतसर बोलावणं धाडलं. हे मधल्या सुट्टीत रांगेत उभे राहिले. नंबर आला. मी विचारलं, "नाव?" ह्यांनी पूर्ण नाव सांगितलं. "खातं?" म्हणाले, "जोडणी." मी प्रत पुढे सरकवली. ह्यांनी ती तिथेच उभ्याने वाचली, पहिल्या ओळीपासून, मग उलटून मागची बाजू. मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली, कुणीतरी म्हणालं, "मास्तर, परीक्षा आहे का?" ह्यांनी सगळं वाचून संपवलं, सही केली, पेन टोपण लावून परत दिलं, आणि "आभारी आहे" म्हणून गेले. संध्याकाळी घरी मी विचारलं, "आज कामावर काय विशेष?" म्हणाले, "काही नाही. एक कागद मिळाला." "कसला?" "ऑफिसचा." संपला विषय.

पगाराच्या दिवशी ह्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. मी मोजलं. (दुपारी मीच मोजून भरलं होतं, पण घरी पाकीट मोजून घ्यायचं हा घरचा नियम.) मी विचारलं, "एवढाच?" म्हणाले, "ऑफिसात कापला." मी म्हणाले, "फार कठोर दिसतात हो तुमच्या ऑफिसातली माणसं." हे चष्मा पुसत म्हणाले, "कठोर आहे बाई. पण हिशेबाला चोख आहे म्हणतात." भाऊजी, नवऱ्याने बायकोचं कौतुक करायच्या नाना तऱ्हा असतील, पण असं कौतुक माझ्या कुठल्याच मैत्रिणीच्या वाट्याला आलेलं नाही.

त्या महिन्यांत आम्ही काटकसर केली ती मी इथे उगाळत बसत नाही. माझा पगार होता, त्यात भागलं. चहात साखर कमी झाली आणि माझं वजन उतरलं, ते उतरायलाच हवं होतं. ह्यांनी बूट नवे घ्यायचे होते ते जुन्यांनाच आतून ताडपत्रीची पट्टी लावून चालवले, आणि ती पट्टी अशी बसली की आता जोडणी खात्यातले चौघंजण तसेच बूट वापरतात. ओव्हरटाइम मिळेल तेवढा केला. एवढं करून रविवारी विसावा घ्यावा, तर तेही नाही. रविवारी सकाळी हे आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, मोठ्या रस्त्याला बसथांब्यापाशी जाऊन उभे राहतात. विचारलं तर म्हणतात, "ट्रक बघतो. आपल्या ताडपत्र्या घातलेले असतात, सांधे कसे टिकलेत ते लांबून दिसतं." दुपारी परत येतात. सुट्टीच्या दिवशीही कामाची एवढी फिकीर करणारा माणूस तुम्ही कुठे बघितलाय? मी मालकांना सांगितलं तर त्यांचे डोळे पाणावले.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. एके दिवशी कोर्टातून माझ्या नावे एक विचारणा आली. तिथले कारकून नवीन बदलून आले होते आणि त्यांनी जुने भरणे चाळले. विचारणा अशी होती की, 'सदर कर्मचाऱ्याची पत्नी विभक्त राहते काय, आणि ही कपात तिच्या पोटगीपोटी आहे काय, याचा खुलासा करावा.' मी ते दोनदा वाचलं. मग पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं.

त्याचं असं आहे. साध्या कर्जाचा हुकूम असेल तर पगारातला पोटापुरता ठरलेला भाग बाजूला ठेवायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही, आणि त्याच्या वर जे उरेल त्याचा फक्त तिसरा हिस्सा कापायचा. कायदा तेवढा दयाळू आहे. पण हुकूम बायकोच्या पोटगीचा असेल तर कायद्याची दया नवऱ्याकडून बायकोकडे सरकते. तेव्हा नवऱ्याच्या हातात पगाराचा तिसरा हिस्सा ठेवायचा आणि उरलेले दोन हिस्से कापायचे. आणि माझ्याकडे आजवर आलेले सगळे हुकूम, तो शिलाईवाला, तो ड्रायव्हर, ते रंगखात्यातले दोघं, सगळेच्या सगळे बायकांना टाकलेल्या नवऱ्यांचे होते. साध्या कर्जाचा हुकूम मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते, आणि तोही नवऱ्याच्या नावाचा. पक्षपात झाला असं कुणी म्हणू नये म्हणून मी जास्तच कडक हाताने, नेहमीच्याच हिशेबाने कापत गेले. थोडक्यात सांगायचं तर मी तुमच्या दादांकडून इतके महिने टाकलेल्या बायकोच्या दराने पैसे कापले, रोज संध्याकाळी त्यांच्याच शेजारी बसून जेवले, आणि पैसे दिले पेढीला. (पेढीने चकार शब्द काढला नाही. का काढेल?)

माझी चूक झाली, भाऊजी. पण ती घराच्या बाजूने नाही झाली, घराच्या विरुद्ध झाली, एवढं तरी माझ्या पदरात टाका. खुलासा मी त्याच दिवशी लिहिला, 'पत्नी विभक्त राहत नाही. कपातीचा दर चुकीने लावला गेला, कर्मचाऱ्याचा दोष नाही. सदर उत्तर पत्नीच लिहीत आहे.' कोर्टातल्या कारकुनांनी त्यावर शिक्का मारून खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून पाठवली, 'खुलासा समाधानकारक आहे. उभयतांना शुभेच्छा.' ती ओळ फाइलला आहे, कुणीही येऊन बघावी.

पण ह्यांना सांगायचं कसं? घरी सांगता येत नाही, ऑफिसची गोष्ट. मी पुन्हा रीतसर बोलावणं धाडलं. हे रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर मी म्हणाले, "आपल्या कपातीत चूक झालेली आहे. जास्त कापलं गेलं." हे शांतपणे म्हणाले, "हो. पहिल्या महिन्यापासून." मी विचारलं, "आपल्याला कसं कळलं?" म्हणाले, "प्रतीच्या मागच्या बाजूला छापलंय." माझ्याकडच्या हुकुमालाही मागची बाजू होती, पण मी ती उलटलीच नव्हती. इतक्या वर्षांचा अनुभव होता ना. मी म्हणाले, "मग बोलला का नाहीत?" खिडकीपुढे जरा वाकून, रांगेला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात हे म्हणाले, "घरी बोललो असतो तर आपला नियम मोडला असता. इथे बोललो असतो तर मागे रांग होती. तुझ्या हातून आजवर चूक गेलेली नाही, ती नवऱ्याच्या पाकिटात निघाली असं कशाला व्हायला हवं होतं? आणि पैसे जात कुठे होते, धाकट्याचंच कर्ज लवकर फिटत होतं." मग पेन उचलून म्हणाले, "सही कुठे करू?"

मी खिडकी लावून घेतली. दहा मिनिटांसाठी खिडकी बंद, अशी पाटी पहिल्यांदाच लावली. आत काय केलं ते लिहीत नाही, पण डोळे धुवावे लागले. अशा माणसाच्या घरात मी राहते, याचा मला इतका अभिमान वाटला की थोडा रागही आला, कारण इतके महिने चहात साखर कमी घातली ती मी.

जास्तीचे कापलेले पैसे परत नको, कर्जातच धरा, असं ह्यांनी लिहून दिलं. त्यामुळे जे कर्ज आणखी बराच काळ रेंगाळलं असतं ते आटोपत आलं. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं, तेही गेल्या महिन्यात कापलं. शेवटची रक्कम भरली तेव्हा मालकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कापले ना?" मी म्हणाले, "कापले. संपले." ते खुर्चीतच बसले. जोडणी खात्यात बातमी गेली तेव्हा कुणीतरी भोंगा वाजवला, आणि शिफ्ट सुटली समजून अर्धा कारखाना फाटकाबाहेर गेला. सगळ्यांना परत आणेपर्यंत वेळ गेला, पण मालकांनी कुणाचा पगार कापू दिला नाही. आता तुमचा हत्ती सर्वस्वी तुमचा आहे. त्यावर ना पेढीचा डोळा, ना कोर्टाचा हात. निदान आज झोपताना त्याच्यावर ऐटीत झोपा.

तुम्ही आमच्याकडे यावं असं सांगायला हे पत्र नाही. ते तुमचं तुम्ही ठरवायचं. हेही कधी तुमच्या दारात येणार नाहीत, कारण ज्याचे पैसे भरले त्याच्या दारात उभं राहिलं की तो तगादा दिसतो, असं ते म्हणतात. आणि तुम्ही येत नाही, कारण ज्याने पैसे भरले त्याच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं असं तुम्हाला वाटत असणार. दोघं भाऊ अगदी एका साच्यातले. पण आता देणं संपलंय, तेव्हा हे दोन्ही मुद्दे माझ्या हिशेबाने रद्द होतात. पुढचं मी काही लिहीत नाही. प्रकृतीला जपा, खोकल्याकडे दुर्लक्ष करू नका.

तुमची,
वहिनी (ऑफिसात कात्री)

ता.क. हत्ती घेऊन या. रविवारी कारखान्यातला, कापड तापवून सांधे लावायचा तवा मोकळा असतो आणि मालकांनी वापरायची परवानगी दिली आहे, मी लेखी घेतली आहे. साबणाचं पाणी लावलं की छिद्र कुठे आहे ते कळतं. सांधा ह्यांनीच लावायचा, तुम्ही नुसतं कापड धरायचं. त्या वेळी दोघांपैकी कुणी काही बोलायलाच हवं असं नाही.

आणखी ता.क. मी असं पत्र लिहिलं हे ह्यांना कळता कामा नये. आपण होऊन आलात असंच दाखवा.

आणखी एक ता.क. वरचा ता.क. रद्द समजावा. त्या चुकीनंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे, की आकडे असलेला कुठलाही कागद माझ्या हातून बाहेर जायचा तर तो आधी दुसऱ्या माणसाने तपासायला हवा, दोन्ही बाजूंनी. या पत्रात हिस्से आले आहेत, आणि घरात दुसरा माणूस एकच आहे. तेव्हा नाइलाज झाला. पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आहे आणि ते घसा खाकरून वाचायला बसले आहेत.

(वेगळ्या अक्षरात)

तपासलं. दोन्ही बाजू बघितल्या. हिशेब बरोबर आहे. मधल्या पानावर एक दुरुस्ती आहे. मी रविवारी ट्रक बघायला उभा राहतो असं लिहिलंय, ते चूक. रविवारी त्या रस्त्याने ट्रक येत नाहीत. तुझ्या गावची बस येते.

दादा